तेरणीकर वकील ‘नाही’ म्हणत नसत

तेरणीकर वकिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही. कुणावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तरीसुद्धा इतक्या माणसांचं इतक्या मऊ हातानं वाटोळं केलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही. आणि मी काही कमी माणसं पाहिलेली बाई नव्हे. सांगलीहून लग्न करून बंगळूरला आले, चामराजपेटेत सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानामागं संसार केला, दोन दीर, एक सासू आणि हवे तेवढे भाडेकरू पचवले. वकीलसाहेब तेवढे पचले नाहीत. अजून अधूनमधून घशाशी येतात.

त्या वेळी मात्र ते मला देवासारखे वाटत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे वाईटसाईट बोलणार आहे ते एका जुन्या भक्तिणीचं बोलणं आहे, हे ध्यानात राहील. भक्तीण सुटली की शेजारणीपेक्षा वाईट बोलते.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वकीलसाहेब सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावचे. तिथल्या कोर्टात वकिली करता करता मराठी मतांवर आमदार झाले आणि बंगळूरला आले. आमदार निवासात खोली होती, पण ती गावाकडून कामं घेऊन येणाऱ्या लोकांनी, त्यांच्या वळकट्यांनी आणि वाळत घातलेल्या पंच्यांनी भरलेली. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी नलिनी इथंच बँकेत नोकरीला लागलेली. म्हणून बापलेकीसाठी आमच्या घराचा खालचा मजला घेतला.

पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट आणि अत्तराचा वास घेऊन ते जिना चढून वर आले. आमच्या ह्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले आणि मग माझ्याकडं वळून हात जोडून म्हणाले, “वहिनी, परमुलखात आलोय. आता तुम्हीच आमचं माहेर समजायचं की हो.”

एवढ्यावर मी पाघळले. आठवडाभर खाली डबे जात होते. आज पुरणाची पोळी, उद्या भरली वांगी. चौथ्या दिवशी हे म्हणाले, “स्वल्प सावकाश. तो माणूस सवयीनं बोलतोय. भिंतीशीसुद्धा तसाच बोलत असेल.” मी दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. थोरामोठ्यांची पारख नसलेल्या भांडेवाल्याच्या गळ्यात आपल्याला बांधलं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. भांडेवाला मात्र पितळ आणि सोनं रोज बघत होता.

संध्याकाळी अधिवेशन नसलं की वकीलसाहेब पुढच्या कट्ट्यावर बसत आणि कोर्टातल्या गोष्टी सांगत. सांगण्याची हातोटी अशी, की रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकत उभा राही.

“वहिनी, वकिलीत मी एक केस हरलो नाही.”

“एकही नाही?”

“संपल्याच नाहीत, तर हरणार कशा?”

मग ती विहिरीची गोष्ट. दोन भावांत एक विहीर, तिच्यावरून दावा. हे थोरल्याचे वकील. थोरल्याची बाजू इतकी लंगडी, की निकाल लागला तर हरणारच. तेव्हा निकालच लागू द्यायचा नाही, एवढं एक धोरण. कधी साक्षीदाराला ताप, कधी नकाशाची नक्कल आली नाही, कधी वकिलाच्या पोटात कळ. मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. थोरला मेला. वारस लावायला मुदत. तोवर धाकटाही गेला. त्याचे वारस लावायला मुदत. खटला चालू असेपर्यंत विहिरीवर मोटार लावायची नाही, असा कोर्टाचा हुकूम. दोन्हीकडची शेतं वाळून गेली, पोरं साखर कारखान्यावर मजुरीला लागली.

“आणि शेवटी?” मी विचारलं.

“शेवटी काय? वापर नाही तर विहीर बुजली. दावाच निकामी झाला. दोन्हीकडची पोरं येऊन माझ्या पाया पडून गेली की हो! प्रत्येकाला वाटतंय, वकील होता म्हणून आपण हरलो नाही.”

मी हसून हसून पदरानं डोळे पुसले. विहीर बंद असताना त्या घरांतल्या बायका पाणी कुठून आणत होत्या, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझं अर्धं लक्ष माझ्या कुड्यांवर ऊन नीट पडतंय ना, याकडं होतं.

हीच वकिली त्यांनी विधानसभेत आणली. सकाळी आमच्या दारात गावाकडची माणसं बसलेली असत. रात्रभर बसचा प्रवास करून आलेली, पायात वहाणा, हातात पिशवी. वकीलसाहेब आतून येत, “बन्नी, बन्नी, कूतकोळी,” म्हणून प्रत्येकाला बसवत. मराठी माणसाला “बसा की हो” म्हणत. अर्ज अक्षर न अक्षर वाचत. पोराचं नाव, म्हशीचं दुखणं, सगळं आठवणीत. मग खांद्यावर हात ठेवून म्हणत, “नोडोण.” म्हणजे बघू या. हा शब्द ते असा काही उच्चारत, की ऐकणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटे. दुसऱ्या आमदारानं काम करून दिलं तरी माणूस कुरकुरत जाई, आमच्या वकिलांच्या ‘नोडोण’वर तो डोळ्यांत पाणी आणून बस पकडी.

त्यातले एक मास्तर मला चांगले आठवतात. त्यांची नेमणूक पार बिदरकडं, बायको आजारी आणि गावाकडं. बदली हवी होती. दर सुट्टीत यायचे. येताना गावचा गूळ आणायचे. मी त्यांना उप्पिट द्यायची, वकीलसाहेब ‘नोडोण’ द्यायचे. एकदा मास्तर डोकं भादरून आले. बायको गेली होती. वकीलसाहेबांनी त्यांना मिठी मारली आणि दोघं इतके रडले, की मीही जिन्यात उभी राहून रडून घेतलं. पुढं एकदा ते पेढे घेऊन आले. निवृत्त झाले होते, बिदरहूनच.

“साहेबांनी शेवटपर्यंत प्रयत्न सोडला नाही, अक्का,” मला पेढा देत म्हणाले.

मी पेढा खाल्ला. वर म्हटलं, “माणूसच तसा आहे.”

आमच्यावरही त्यांनी कृपा केली. चामराजपेटेतल्या आम्हा मराठी बायकांचं एक मंडळ होतं. हळदीकुंकू, गणपती, भजन, आणि कोण कुणाला बोलावत नाही याची चर्चा. मी चिटणीस. मंडळाला हक्काची जागा हवी, असं माझ्या डोक्यात शिरलं. वकीलसाहेब म्हणाले, “एवढंच ना, वहिनी? माडोण, करू या.” बनशंकरीकडं एक मोकळा तुकडा त्यांनी दाखवला आणि थेट भूमिपूजनाचा दिवसच धरला. मी नवी इरकली घेतली. आभाराचं भाषण आरशासमोर इतक्या वेळा म्हटलं, की आमच्या मोलकरणीला पाठ झालं. नारळ फुटला, कुदळ मारली, नाव कोरलेली फरशी बसली, तिच्यावर माझंही नाव. फोटोत मी अशी ताठ उभी आहे, जणू मागं राजवाडाच उठणार आहे.

जागा आमची नव्हतीच. कुणाची होती हे ठरायचं होतं, ते कधी ठरलं नाही. दोन वर्षांनी बघितलं तर फरशीवर एका बाईनं लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी तिला दटावलं, “अगं, त्यावर नाव आहे माझं.” ती मिरच्या चाळवत कन्नडमध्ये म्हणाली, “असू दे की अक्का, मिरच्यांना काही होत नाही.”

आता नलिनीचं सांगते. ते टाळत होते, पण वकीलसाहेबांची गोष्ट खरी तिचीच आहे.

नलिनी उंच, सावळी, कमी बोलणारी. बोलली की सुरीसारखी. बँकेत तिच्याच शाखेत प्रकाश नावाचा मुलगा होता. म्हैसूरकडचा, कन्नड. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. नलिनीनं चोरून काही केलं नाही, सरळ बापाला सांगितलं. बाप म्हणाला, “वा! बोलाव की त्यांना.”

प्रकाश आणि त्याचे वडील आले. घरात वडीलधारी बाई नाही म्हणून मला खाली बोलावलं. मी केसरीभात केला होता. वकीलसाहेबांनी प्रकाशच्या वडिलांना दारातच मिठी मारली. “आजपासून आपण बीगरू!” बीगरू म्हणजे व्याही. रेल्वेतून निवृत्त झालेले ते साधे गृहस्थ, आमदारानं मिठी मारली म्हणून त्यांना हुंदकाच फुटला. मग भीत भीत त्यांनी मुहूर्ताचं विचारलं.

“एवढं अधिवेशन होऊ दे,” वकीलसाहेब म्हणाले. “एकुलती एक पोर आहे. तिच्या लग्नात मला मोकळेपणानं वावरता आलं पाहिजे की हो.”

याला कोण काय म्हणणार? मीच मान डोलावून म्हटलं, “बरोबर आहे.” नलिनी फक्त बापाकडं बघत होती. तिनं तो आवाज लहानपणापासून ओळखलेला होता.

अधिवेशन झालं. मग गावच्या नगरपालिकेच्या निवडणुका आल्या. त्या झाल्या, तर सीमेवर भाषेवरून वातावरण तापलं. “आत्ता कन्नड जावई म्हटला तर दारात दगड पडतील. तापलंय ते निवू दे.” ते निवलं, तर प्रकाशचे वडील वारले. वर्षाच्या आत लग्न नको, हे तर प्रकाशच्याच घरचे म्हणाले. वकीलसाहेब त्यांच्या तेराव्याला म्हैसूरकडं जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, “वाईट झालं, वहिनी. माझा व्याही गेला.” त्या माणसाचं दुःख खरं होतं, हे मी आजही सांगेन. त्यांचं कुठलंच दुःख खोटं नसे. म्हणून तर त्यातून कुणी सुटत नसे.

मग त्यांना सुचलं, की जावयाला मराठी आली पाहिजे. “आपल्या लोकांशी चार शब्द बोलला की काम सोपं होईल. वहिनी, तुम्ही शिकवा की त्याला.” मी तर एका पायावर तयार. प्रकाश बँकेतून सुटला की आमच्याकडं यायचा. पोरगं इतकं मन लावून शिकलं, की मला लाज वाटावी. माझ्या नातवंडांनी पुढं त्याच्या पावपट लावलं नाही. सुरुवातीला म्हणायचा, “अक्का, तुम्ही आला का?” आणि मी घरातच बसलेली. वर्षभरानं वर्तमानपत्र घडाघडा वाचू लागला. आमच्या ह्यांच्याशी राजकारणावर वाद घालू लागला, तेव्हा मी परीक्षा ठेवली. वकीलसाहेब खुर्चीत, समोर प्रकाश. त्यानं सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नावर असं भाषण केलं, की स्वतः वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. उठून त्याची पाठ थोपटली.

“शाब्बास! बोलणं झालं. आता स्वल्प लिहायला शिकू दे.”

प्रकाश हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. नलिनी उठून आत गेली.

एका रविवारी सकाळी मी जिन्यात शेवया वाळत घालत होते. खाली बापलेकीचं बोलणं चाललं होतं. मी कान बंद करण्याचा प्रयत्न केला असं म्हणणार नाही.

“अप्पा, मला एक शब्द द्या. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा.”

“मी नाही कधी म्हटलं?”

“हो तरी कधी म्हटलंत?”

“त्याच्या बापाला मिठी मारली, ती काय होती?”

“ती मिठी होती, अप्पा. लग्न नव्हतं.”

“साक्षीदाराला विचारतात तसं बापाला विचारू नये, नलू.” मग ओला आवाज, “तुझी आई असती तर मला हे ऐकावं लागलं नसतं.”

नलिनी वर आली. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि शेवया सारख्या करू लागली. मी तेव्हा भक्तीण असले तरी अगदीच अडाणी नव्हते. म्हटलं, “अगं, तू सज्ञान आहेस, कमावती आहेस. उद्या रजिस्ट्रारकडं जा दोघं. साक्षीला मी येते, ह्यांना आणते.”

“त्यांनी नाही म्हटलं असतं, तर उद्याच गेले असते अक्का,” ती म्हणाली. “पण निकालच लागला नाही. अपील कशावर करू?”

मला वाटलं, विनोद केला. मी हसले. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि शेवयांकडं बघू लागले.

दुसऱ्या कुठल्या घरातली मुलगी असती तर रडली असती, भांडली असती, पळून गेली असती. ही वकिलाची. लहानपणापासून बैठकीत अभ्यास करत तिनं एकच गोष्ट ऐकली होती, की निकाल लागल्याशिवाय काही करता येत नाही. बापानं आयुष्यभर पक्षकारांना जे शिकवलं ते सगळ्यात चांगलं शिकली ती त्याची लेक. बाप नाही म्हणेल आणि आपण सुटू, एवढ्याची ती वाट बघत होती. होकाराची आशा तिनं कधीच सोडली होती. आणि तो माणूस नाही म्हणत नव्हता.

बापाचा हिशेब काय होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मतं जातील ही भीती होतीच. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की सकाळी धोतराला कडक इस्त्री, दुपारी पथ्याचं जेवण, आलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून हातात देणं, हे सगळं नलिनी करत होती. तिच्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नव्हता. असं त्यांनी स्वतःशीसुद्धा म्हटलं नसेल. स्वतःलाही ते पुढची तारीखच देत असणार.

मधे विधानसभेची निवडणूक झाली, वकीलसाहेब पुन्हा निवडून आले, मंत्रिपद हुकलं आणि कुठल्याशा महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. दारात लाल दिव्याची गाडी उभी राहू लागली. “गाडी आली, आता लग्न थाटात करू,” म्हणाले. गाडी आली, लग्न आलं नाही.

आणि एक दिवस प्रकाश पत्रिका घेऊन वर आला. आधी माझ्याकडं. खाली जायचा धीर होत नव्हता.

“अक्का, आईचं आता काही खरं नाही. तिला माझं लग्न बघायचंय.” सुंदर मराठीत म्हणाला. “नलिनीनंच सांगितलं, जा. मी थकलो हो.”

ही माझी शिकवणी. ‘थकलो हो’ मधला तो ‘हो’ अगदी आमच्या सांगलीचा लागला होता.

वकीलसाहेबांनी पत्रिका डोळ्यांना लावली. प्रकाशला जवळ घेतलं. आणि ज्या माणसानं इतकी वर्षं एका लग्नाला दिवस मिळू दिला नाही, त्यानं ह्या लग्नाला मुहूर्ताच्या कितीतरी आधी गाडी काढली. बनशंकरीला हॉल होता. निघायच्या वेळी खाली नलिनी घरच्या साडीत खुर्चीवर बसून होती.

“नलू, हे काय? घरचं लग्न आहे. तू दिसली नाहीस तर लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील, अप्पा?”

“उगीच बोलतील की गं. ऊठ. ती मोरपंखी नेस.”

ती उठली, मोरपंखी नेसली. मी आणि हे त्याच गाडीत मागं बसलो होतो. वकीलसाहेब रस्ताभर ड्रायव्हरला त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारत होते.

हॉलमध्ये आमदार आले म्हणून पळापळ झाली. त्यांना स्टेजवर नेलं, हातात माईक दिला. त्यांनी आधी कन्नडमध्ये, मग मराठीत भाषण केलं. हा मुलगा मला मुलासारखा. हा कन्नड मुलगा आमच्या घरी बसून मराठी शिकला. सीमेवर भांडणाऱ्यांनी इथं येऊन बघावं, दोन भाषांचं प्रेम कसं असतं. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले. मग फोटो. वकीलसाहेब मधे, आणि हात करून, “नलू, तू इकडं ये. वधूच्या शेजारी.”

ती गेली. नवरी बिचारी काही माहीत नसलेली, गोरटेली पोर. तिनं नलिनीचा हात धरला आणि हसून कन्नडमध्ये म्हणाली, “तुमच्याबद्दल फार सांगतात हे. तुमच्या घरी खूप येणंजाणं होतं ना?”

“हो,” नलिनी म्हणाली. “खूप.”

प्रकाश हाराची फुलं सारखी करत होता. फोटोग्राफरनं हसा म्हटलं. वकीलसाहेब हसले. “ह्याच्या दोन प्रती मला पाठवा,” त्यांनी तिथूनच सांगितलं, आणि त्यातली एक पुढं वर्तमानपत्रात आली.

आमचे हे न जेवता निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या मागोमाग, काही न विचारता निघाले. माझी भक्ती त्या हॉलमध्ये, पंगत बसण्याच्या आधी संपली. इतक्या उशिरा संपली याचं मला हसूच येतं. मास्तरांचं घर मोडलं तेव्हा टिकली, माझ्या नावावर मिरच्या वाळल्या तेव्हाही टिकली. देवाविरुद्ध एवढा पुरावा मिळाला असता, तर मी केव्हाच नास्तिक झाले असते.

त्यानंतरच्या निवडणुकीत गावानं वकीलसाहेबांना पाडलं. सडकून पाडलं. उभा राहिलेला नवा माणूस उद्धट होता. काम होणार नसेल तर तोंडावर ‘होत नाही, चला’ म्हणायचा. लोकांना तो फारच आवडला. गाडी गेली, दारातली गर्दी गेली. गावी परत जायला त्यांना तोंड नव्हतं. नलिनीनं बनशंकरीत लहानसं घर घेतलं आणि दोघं तिकडं गेली. त्यातच त्यांना काचबिंदू झाला. औषध वेळेवर घातलं असतं तर नजर राहिली असती, डॉक्टर म्हणाले. डोळ्यांसमोरचं हळूहळू गेलं, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

मी अधूनमधून जाऊन येई. हे म्हणत, “कशाला जातेस?” मी म्हणे, “नलिनीसाठी.” ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं सांगत नाही, तुम्हाला कळेल.

शेवटची गेले तेव्हा त्यांच्याकडं एक तरुण पत्रकार आला होता. सीमाभागातल्या एका लहानशा पत्राचा. जुन्या आमदारांच्या मुलाखती घेत होता. वकीलसाहेब खूश. धोतर तसंच पांढरं, अत्तर तेच, फक्त नजर पत्रकाराच्या कानाजवळून पलीकडं जायची. विहिरीची गोष्ट झाली. पत्रकार पोट धरून हसला. नलिनी आत होती. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते, आणि ती रंगवत नव्हती.

“साहेब, आयुष्यात सगळ्यात मोठं काय मिळवलंत?” पत्रकारानं विचारलं.

वकीलसाहेबांचा आवाज ओला झाला. तो आवाज मी किती वेळा ऐकला होता.

“माझी मुलगी,” ते म्हणाले. “स्थळं चालून येत होती हो. मी कधी नाही म्हटलं नाही. पण तिनं बघितलं, बाप एकटा आहे, लोकांच्या कामात बुडालाय. तिनं माझ्यासाठी संसार केला नाही. लिहा हे. असली लेक कुणाला मिळत नाही.”

पत्रकार खाली मान घालून भराभर लिहू लागला.

नलिनी आतून कॉफी घेऊन आली होती. दारात उभं राहून तिनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं एक पेला पत्रकारासमोर ठेवला, एक माझ्यासमोर. वकीलसाहेबांचा पेला तिनं टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला, भिंतीजवळ ठेवला.

“अप्पा, कॉफी ठेवलीय.”

“कुठं गं?”

“समोरच आहे.”

ती माझ्या शेजारी येऊन बसली. वकीलसाहेब पत्रकाराशी बोलत राहिले, सीमाप्रश्न, मराठी माणूस, त्याग. बोलता बोलता उजवा हात टेबलावर फिरत होता. डावीकडं गेला, उजवीकडं आला, कडेवरून खाली गेला, पुन्हा वर आला. बोटं माझ्या पेल्याला लागली. मी पेला उचलून हातात घेतला. पत्रकाराचं लक्ष वहीत होतं. नलिनीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या कॉफीवर साय धरेपर्यंत आम्ही दोघी त्या हाताकडं बघत बसलो.